नियम कशासाठी केला होता? कोडिंग स्टँडर्ड्स समितीला खुले पत्र

प्रति,
कोडिंग स्टँडर्ड्स समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या समितीचं चार ओळींचं परिपत्रक आम्हा सगळ्यांना मेलवर आलं. आपली सिस्टीम जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या २१ व्या आवृत्तीवर गेली म्हणून पहिल्या ओळीत सगळ्यांचं अभिनंदन होतं. पुढच्याच ओळीत सांगितलं होतं की कोड मात्र जावा ८ च्या पद्धतीनेच लिहायचा. जावा ८ नंतर भाषेत आलेल्या या सोयी नकोत: व्हार नको, रेकॉर्ड नको, बाणाचा स्विच नको, सील्ड क्लास नको, टेक्स्ट ब्लॉकसुद्धा नको. यातलं काही दिसलं तर पीआर (तपासणीसाठी पाठवलेला कोडमधला बदल) परत येईल. कारण दोनच शब्दांचं होतं: ‘एकसारखेपणा, वाचनीयता’.

मी त्याच दिवशी माझं म्हणणं सविस्तर लिहून पाठवलं. ‘निर्णय झाला आहे, अंमलबजावणी करावी’ एवढंच उत्तर आलं. म्हणून आता हे उघडपणे लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कुणा व्यक्तीचंही नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांशी बोलले, तेव्हा कळलं की असे नियम त्यांच्याकडेही आहेत. त्यामुळे प्रश्न एका इमारतीपुरता नाही.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते. २००८ साली मी नोकरीला लागले तेव्हा जावा ५ वर काम चालायचं. कर्जाच्या हप्त्यांची जी सिस्टीम आपण चालवतो, तिच्यावर मी अकरा वर्षं आहे. महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल (सिस्टीम बिघडली तर कुठल्याही वेळी धावून जायची जबाबदारी) माझ्याकडे असतो. सांगली, लातूर, नांदेडहून नव्याने आलेल्या मुला-मुलींचे पहिले पीआर मी तपासते. म्हणजे कोड लिहिणं, दुसऱ्याचा वाचणं आणि मध्यरात्री उठून तो दुरुस्त करणं, तिन्ही कामं माझ्या वाट्याला येतात.

जुन्या पद्धतींबद्दल मला मनापासून आदर आहे. सन कंपनीने जावासाठी कोड लिहिण्याचे संकेत प्रसिद्ध केले होते. त्यांची एप्रिल १९९९ ची आवृत्ती माझ्या पहिल्या टीम लीडने मला छापून दिली होती, ती अजून माझ्या खणात आहे. तिच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की सॉफ्टवेअरच्या आयुष्यभराच्या खर्चातला ८० टक्के खर्च देखभालीवर होतो, आणि ज्याने कोड लिहिला तोच माणूस तो शेवटपर्यंत सांभाळतो असं क्वचितच घडतं. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच सांगते.

पण त्याच कागदात आणखी एक नियम आहे. स्विच म्हणजे एका मूल्याच्या प्रत्येक शक्यतेसाठी (केस) वेगळा कोड चालवणारी रचना, आणि ब्रेक म्हणजे तिथून बाहेर पडण्याचा हुकूम. स्विचमधल्या एखाद्या केसच्या शेवटी ब्रेक नसेल, तर ब्रेकच्या जागी ‘फॉल्स थ्रू’ अशी कॉमेंट टाका. हा नियम का करावा लागला? जावाने स्विच सी या जुन्या भाषेकडून जवळजवळ जसाच्या तसा उचलला, आणि त्या स्विचमध्ये ब्रेक राहिला की अंमल सरळ खालच्या केसमध्ये घसरतो. कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) काही बोलत नाही. ब्रेक मुद्दाम सोडला की विसरला, हे पुढच्या वाचणाऱ्याला कळावं म्हणून माणसांनी आपसात ठरवलेली ती खूण होती. स्विच आणि ब्रेकचा गोंधळ किती महागात पडू शकतो, हेही जगाने पाहिलं आहे. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतलं एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं. सीमधल्या एका स्विचच्या पोटात, इफच्या आत लिहिलेला एक ब्रेक अंमल नको तिथे बाहेर घेऊन गेला होता.

मार्च २०२० मध्ये, जावा १४ बरोबर, बाणाचा स्विच (केसपुढे बाणाची खूण असलेला) भाषेत कायम झाला. त्यात केस खाली घसरतच नाही, ब्रेक लिहायची वेळच येत नाही. ज्या भोकावर ती कॉमेंट ठिगळ म्हणून लावली होती, ते भोक भाषेने बुजवलं. तुमचं परिपत्रक आम्हाला ठिगळ लावत राहायला सांगतं.

प्रत्येक संकेतामागे कधीतरी काहीतरी कारण होतं. काही कारणं माणसाच्या डोळ्यांशी आणि स्मरणशक्तीशी बांधलेली आहेत. नावं अर्थपूर्ण ठेवा, मेथड लहान ठेवा, एका पीआरमध्ये एकच काम करा. भाषा कितीही बदलली तरी हे संकेत टिकतील आणि टिकायला हवेत. काही कारणं मात्र त्या काळच्या भाषेत जे नव्हतं, त्यातून आलेली आहेत. भाषेत ते आलं की त्या संकेताकडे परत एकदा पाहावं लागतं. तुम्ही हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून टाकले, ही माझी मूळ तक्रार आहे. बाकीच्या तक्रारी त्यातूनच निघतात.

पहिली तक्रार रेकॉर्डवरच्या बंदीबद्दल आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री पावणेदोनला मला फोन आला. दिवसअखेरच्या जुळवणीत नोंदी कमी पडत होत्या. बँकेकडून पैसे आलेले, पण आपल्याकडे हप्ता जमा दिसत नाही. पहाटे साडेचारपर्यंत आम्ही तिघं लॉग चाळत बसलो. शेवटी सापडलं ते एका साध्या क्लासमध्ये. हप्त्याची नोंद ठेवणारा क्लास. कर्ज क्रमांक, तारीख, रक्कम अशी तीन फील्ड्स, आणि त्या तिन्हींवर आयडीईने (कोड लिहिण्याच्या टूलने) बनवून दिलेल्या, दोन नोंदी सारख्या आहेत का ते ठरवणाऱ्या इक्वल्स आणि हॅशकोड या मेथड. दोन वर्षांपूर्वी त्यात चौथं फील्ड आलं: हप्ता चालू महिन्याचा की आगाऊ. ते कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या भागात) घातलं, गेटर (ते वाचून देणारी मेथड) लिहिला. इक्वल्स आणि हॅशकोड तसेच राहिले.

वर्षभर काहीच बिघडलं नाही. दिवाळीचा बोनस हातात आल्यावर बरेच कर्जदार चालू हप्ता आणि पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता एकाच दिवशी भरतात. कर्ज क्रमांक तोच, तारीख तीच, रक्कम तीच. सारख्या नोंदी एकदाच ठेवणाऱ्या हॅशसेटच्या लेखी त्या दोन नोंदी एकच होत्या. त्याने एक ठेवली, दुसरी टाकून दिली. सकाळी त्यातल्या काही जणांना थकबाकीचा मेसेज गेला. ज्यांनी वेळेआधी पैसे भरले, त्यांनाच.

तो दोन वर्षांपूर्वीचा बदल मी स्वतः तपासून मंजूर केला होता. परवा तो पीआर पुन्हा उघडून पाहिला. नव्वदेक ओळींची फाइल, त्यात सहा ओळी हिरव्या, म्हणजे नव्या. सहाही बरोबर. ज्या ओळी बदलायला हव्या होत्या आणि बदलल्या नाहीत, त्या डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या तुलनेत) दिसत नाहीत. सतरा वर्षांच्या अनुभवाने मला त्या दिसल्या नाहीत, मग सहा महिन्यांच्या अनुभवाच्या मुलाला कशा दिसणार होत्या?

रेकॉर्ड, म्हणजे नुसती माहिती ठेवणारा आटोपशीर क्लास, मार्च २०२१ मध्ये, जावा १६ बरोबर, भाषेचा कायमचा भाग झालं. त्यात चार फील्ड्स एका ओळीत लिहायची. इक्वल्स आणि हॅशकोड त्या चारांवरून भाषाच ठरवते. पाचवं फील्ड घातलं की तेही आपोआप त्यात येतं, आणि जिथे जिथे तो ऑब्जेक्ट तयार होतो तिथे तिथे कंपायलर अडवतो. आमची ती चूक रेकॉर्डमध्ये करायलाच जागा नव्हती. रेकॉर्ड सगळीकडे चालत नाही, हेही मला ठाऊक आहे. डेटाबेसशी जोडणाऱ्या हायबरनेटच्या एन्टिटीला (टेबलातल्या नोंदीच्या क्लासला) ते चालत नाही, कारण तिला रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो आणि तिची फील्ड्स बदलता यावी लागतात. ‘इथे वापरा, इथे वापरू नका’ असा नियम तुम्ही केला असता तर मी पहिली तो पाळला असता.

यातली एक गोष्ट तर मला अजिबात समजत नाही. आपल्या नव्या मॉड्यूल्समध्ये लोम्बॉक सर्रास चालतं. लोम्बॉक काय करतं? कंपायलरच्या अंतर्गत भागात हात घालून हाच गेटर-इक्वल्सचा कोड तयार करून देतं. जावा २१ वर जाताना लोम्बॉकची आवृत्ती वाढवेपर्यंत आपला बिल्ड पुढे सरकत नव्हता, ते दिवस तुम्हीही पाहिले आहेत. बाहेरचं टूल चालतं आणि भाषेने स्वतः दिलेली सोय चालत नाही, याला एकसारखेपणा कसं म्हणायचं?

दुसरी तक्रार डिफॉल्टबद्दल, म्हणजे कुठल्याच केसमध्ये न बसणाऱ्या मूल्यासाठी स्विचमध्ये ठेवलेल्या शाखेबद्दल. ‘प्रत्येक स्विचला डिफॉल्ट हवंच’ हा आपला जुना नियम आहे. जुन्या स्विचसाठी तो योग्यच होता, कारण एखादी केस राहिली तर ती पकडणारं दुसरं काही नव्हतं. नवा स्विच मूल्य परत करतो तेव्हा मात्र कंपायलर स्वतः तपासतो की सगळ्या शक्यता झाल्या का. पैसे भरण्याच्या प्रकारांचा ईनम (ठरावीक पर्यायांची यादी) घ्या: रोख, धनादेश, एनईएफटी, यूपीआय. उद्या त्यात यूपीआय ऑटोपे घातलं, आणि कुठल्या स्विचमध्ये डिफॉल्ट नसेल, तर तिथला कोड कंपाइलच होणार नाही. कुठे कुठे बदल करायचा, त्याची यादी कंपायलर तुमच्या हातात देतो. डिफॉल्ट लिहिलं असेल तर नवा प्रकार गुपचूप डिफॉल्टमध्ये जाऊन पडतो. आपल्याकडे तसंच झालं होतं: डिफॉल्टमध्ये रोखीचं शुल्क होतं. म्हणजे जुना चांगला नियम नव्या रचनेवर तसाच लादला की तो उलटतो. सील्ड क्लासचंही (ज्याचे उपप्रकार आधीच ठरलेले असतात) तेच आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही.

टेक्स्ट ब्लॉकबद्दल (अनेक ओळींचा मजकूर जसाच्या तसा लिहायच्या सोयीबद्दल) थोडक्यात. अवतरणचिन्हं आणि अधिकची चिन्हं जोडत लिहिलेली वीस ओळींची एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), तिच्यात एका ओळीच्या शेवटी स्पेस द्यायची राहते आणि टेबलचं नाव ‘व्हेअर’ला चिकटतं. ही चूक प्रत्येक नवा माणूस एकदा तरी करतो. सप्टेंबर २०२० पासून त्यावर उपाय भाषेत आहे. याला नाही म्हणण्याचं एकही कारण मला सुचत नाही.

व्हारबद्दल मात्र माझं मत तुमच्या जवळ आहे, आणि ते मी मोकळेपणाने सांगते. मार्च २०१८ मध्ये जावा १० बरोबर व्हार (व्हेरिएबलचा टाइप न लिहिता तो कंपायलरवर सोडण्याची सोय) आलं, त्याच महिन्यात ओपनजेडीके या जावाच्या मुक्त प्रकल्पाने ते कसं वापरावं याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यातलं पहिलंच तत्त्व असं की कोड लिहिण्यापेक्षा कोड वाचणं जास्त महत्त्वाचं. म्हणजे भाषा घडवणाऱ्यांनाही हा धोका ठाऊक होता. ‘व्हार रिझल्ट’ लिहून समोर कुठल्याशा सर्व्हिसची मेथड बोलावली, तर गिटहबवर पीआर वाचणाऱ्याला काय कळणार? तिथे आयडीई टाइप दाखवायला नसतो. आणखी एक सापळा आहे. उजवीकडे रिकामा डायमंड (आत टाइप न लिहिलेले कोनी कंस) ठेवून अ‍ॅरेलिस्ट केली आणि डावीकडे व्हार लिहिलं, की ती यादी ऑब्जेक्टची होते आणि त्यात काहीही घालता येतं. पण यावर तीन ओळींचा नियम पुरतो: उजवीकडे टाइप स्पष्ट दिसत असेल तरच, मेथड लहान असेल तरच, आणि रिकाम्या डायमंडबरोबर कधीच नाही. लांबलचक मॅपचा टाइप एकाच ओळीत दोनदा वाचावा लागतो, तिथे व्हारने वाचणं सोपंच होतं.

तुमची भीती कुठून आली आहे, तेही मला माहीत आहे. मार्च २०१४ मध्ये जावा ८ आलं आणि पुढची दोन वर्षं आपण सगळे स्ट्रीमच्या (यादीवरची कामं साखळीने लिहिण्याच्या सोयीच्या) मागे वेडे झालो होतो. साध्या फॉर लूपने झालं असतं तिथे बारा-बारा टप्प्यांच्या साखळ्या लिहिल्या. त्यातल्या दोन अजून दंडाच्या हिशेबात आहेत, लिहिणारा केव्हाच बंगळुरूला गेला आणि आज त्यांना हात लावायला कुणी धजत नाही. नवं आलं म्हणून घ्यायचं, याची किंमत आपण मोजली आहे.

नवं ते सगळं पक्कं असतं, असंही नाही. स्ट्रिंग टेम्प्लेट्स (मजकुरात मूल्यं भरण्याची सोय) जावा २१ मध्ये प्रिव्ह्यू (अजून कायम न झालेली, चाचणीची अवस्था) म्हणून आले, २२ मध्ये पुन्हा आले आणि २३ मध्ये भाषेच्या कर्त्यांनी स्वतःच काढून घेतले. ज्यांनी हौसेने वापरले त्यांना ते काढून टाकत बसावं लागलं. व्हर्च्युअल थ्रेड्स (एकाच वेळी असंख्य कामं चालवणारे हलके थ्रेड) २१ मध्ये पक्के झाले, पण सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणाऱ्या कोडच्या) आत एखादा थ्रेड थांबला की खालचा प्लॅटफॉर्म थ्रेडही (ऑपरेटिंग सिस्टीमचा खरा थ्रेड) अडकून पडायचा. ही अडचण मार्च २०२५ मध्ये जावा २४ ने सोडवली. आपण २१ वर आहोत आणि आपला जुना कोड सिंक्रोनाइज्डने भरलेला आहे. तेव्हा हप्त्यांच्या सिस्टीममध्ये व्हर्च्युअल थ्रेड्स आज नकोत, असं तुम्ही म्हणालात तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

मात्र त्या ‘नको’ला कारण आहे, तपासता येणारं. जावा २४ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर गेलो की ते कारण संपेल आणि निर्णय बदलता येईल. परिपत्रकातल्या नकाराला असं कारणही नाही आणि मुदतही नाही.

शेवटची तक्रार निर्णयाच्या पद्धतीबद्दल आहे. २०१५ साली लॅम्डावर (नाव नसलेली छोटी फंक्शन्स लिहिण्याच्या सोयीवर) याच दोन शब्दांत बंदी आली होती. दोन वर्षांनी ती उठली. मधल्या काळात लिहिलेले अनामिक क्लासेसचे (त्याच कामाच्या जुन्या, लांबलचक पद्धतीचे) ढिगारे आजही आपण उपसतो आहोत, आणि कोड तेव्हाही एकसारखा झाला नाही. या खेपेसही आम्हाला कुणी विचारलं नाही. समितीतल्या सगळ्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, काहींकडून मी शिकले आहे. पण माझ्या माहितीप्रमाणे समितीतल्या एकाचंही नाव सध्या ऑन-कॉलच्या यादीत नाही. वाचनीयता हे कारण द्यायचं, तर जे रोज वाचतात त्यांना विचारायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात माझ्या टीममधल्या एका मुलीचा पहिला पीआर परत आला. कॉलेजमध्ये शिकलेलं रेकॉर्ड तिने बरोबर जागी वापरलं होतं. खाली शेरा होता: परिपत्रक पाहा. ती मला म्हणाली, “मॅडम, यात चुकलं काय ते सांगा ना, म्हणजे पुन्हा नाही करणार.” मला तिला उत्तर देता आलं नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. सरसकट बंदीचं परिपत्रक मागे घ्यावं. त्याऐवजी भाषेतल्या प्रत्येक नव्या सोयीवर स्वतंत्र निर्णय द्यावा: वापरा, अमुक ठिकाणी वापरा, किंवा सध्या नको. सोबत चार ओळींचं कारण आणि फेरविचाराची तारीख असावी.

२. प्रिव्ह्यू अवस्थेतलं काहीही प्रॉडक्शनमध्ये जाणार नाही, हा नियम कायम ठेवावा. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

३. आपले जुने संकेतही त्याच तराजूत घालावेत. कुठला संकेत कोणत्या कारणाने केला ते लिहून काढावं, आणि कारण उरलं नसेल तो काढून टाकावा. सुरुवात डिफॉल्टच्या नियमापासून करावी.

४. समितीत ऑन-कॉलवर असणारे किमान दोघं आणि तीन वर्षांहून कमी अनुभव असलेलं एक जण असावं.

५. रेकॉर्ड आणि नवा स्विच एका मॉड्यूलमध्ये तीन महिने वापरून पाहू द्यावे. जुळवणीचं मॉड्यूल मी त्यासाठी देते, जबाबदारी माझी. चालू असलेला जुना कोड केवळ नवा दिसावा म्हणून कुणी बदलू नये.

६. जे ठरेल ते चेकस्टाइल या नियम तपासणाऱ्या टूलमध्ये घालावं, म्हणजे बिल्डच सांगेल. पीआरखाली माणसांनी एकमेकांना परिपत्रकाचे शेरे मारणं थांबेल.

७. जे सहकारी वर्षानुवर्षं जावा ८ वर काम करत आले आहेत त्यांच्यासाठी ऑफिसच्या वेळेत प्रशिक्षण ठेवावं. त्यांच्यातल्या काहींना नव्या कोडची धास्ती आहे आणि ती रास्त आहे. शिकवायची तयारी माझी आहे.

समितीची पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. तिथे मला पंधरा मिनिटं द्यावीत. दिवाळीच्या त्या रात्रीचा नव्वद ओळींचा क्लास आणि त्याच्या जागी बसणारी रेकॉर्डची एक ओळ, दोन्ही छापून आणते. चूक कुठे आहे ते तुम्ही क्लासमध्ये शोधून पाहा.

आपली नम्र,
हप्त्यांच्या सिस्टीमवरची एक ज्येष्ठ प्रोग्रामर
पुणे